स्टेनलेस स्टीलचे नायट्रायडिंग : गंजरोध राखून पृष्ठभाग कडक कसा करायचा

३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा व्हॉल्व्ह स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, ३१६ च्याच बुशमध्ये फिरू लागला की थोड्याच वापरात दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना ओढू लागतात, ओरखडे पडतात आणि शेवटी स्टेम जाम होतो. या प्रकाराला गॉलिंग म्हणतात. अॅनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ३१६ चा हार्डनेस जेमतेम १५० ते २०० एचव्ही (विकर्स माप) असतो. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा घासून गेला की उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो. हे पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले तरी कडक होत नाही. मग पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणे, म्हणजे नायट्रायडिंग, हा एक खात्रीचा मार्ग उरतो. नीट केले तर वरचा थर १००० ते १३०० एचव्हीपर्यंत जातो आणि आतला धातू होता तसाच चिवट राहतो.

चुकीचे केले तर मात्र हाच स्टेम पंधरा दिवसांत तांबड्या गंजाने माखतो. स्टेनलेसच्या नायट्रायडिंगमधल्या बहुतेक तक्रारी याच असतात, आणि त्यांचे मूळ तापमानात असते. म्हणून आधी तापमान समजून घ्या, भट्टीचा विचार नंतर.

या लेखातली सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

तापमान ठरवते की स्टेनलेस स्टेनलेस राहणार का

पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असले की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा दोन-तीन नॅनोमीटरचा पापुद्रा आपोआप तयार होतो. गंज थांबवतो तो हाच. त्यासाठी क्रोमियम धातूत मोकळे, विरघळलेल्या अवस्थेत असावे लागते.

नायट्रोजनला क्रोमियमची जबरदस्त ओढ असते. ४५० अंशांच्या वर क्रोमियमचे अणू धातूत हलू शकतात. ते नायट्रोजनशी जोडले जाऊन क्रोमियम नायट्राइडचे बारीक कण तयार होतात. थर कडक होतो, पण त्या कणांच्या आजूबाजूला क्रोमियम उरत नाही आणि तिथे गंज धरतो. ४०० ते ४३० अंशांच्या पट्ट्यात नायट्रोजनचा लहान अणू आत सरकू शकतो, क्रोमियम मात्र जवळजवळ जागचे हलत नाही. नायट्रोजन धातूच्या अणूंच्या जाळीतल्या पोकळ्यांत कोंबला जातो, जाळी फुगते, आणि क्रोमियम मोकळेच राहते. या फुगलेल्या थराला एस-फेज म्हणतात. तो कडक असतो आणि गंजालाही टिकतो.

नायट्रायडिंगच्या जुन्या पाककृती ५०० ते ५५० अंशांच्या आहेत, कारण १९२० च्या दशकात जर्मनीतल्या क्रुप कंपनीत अॅडॉल्फ फ्राय यांनी ही पद्धत उभी केली ती क्रोमियम-अॅल्युमिनियमच्या मिश्र पोलादांसाठी. तिथे गंजाचा प्रश्न दुय्यम होता. कमी तापमानाला स्टेनलेसचा गंजरोध टिकतो हे झांग आणि बेल या संशोधकांनी १९८५ मध्ये दाखवले. जॉबवर्क करणाऱ्या पुष्कळ शॉपमध्ये आजही पहिली पाककृती रुळलेली आहे. तुम्ही काही न सांगता स्टेनलेस पाठवले तर ते ५२० अंशांना होऊन येईल, असे धरून चाला.

त्यामुळे सुरुवातीलाच स्वतःला विचारायचा प्रश्न एकच : हा जॉब पाण्यात, मिठात, आम्लात किंवा अन्नपदार्थात जाणार आहे का? उत्तर हो असेल तर ४३० अंशांच्या वर जायचे नाही आणि १० ते १५ मायक्रॉनच्या थरावर समाधान मानायचे. जॉब कोरड्या किंवा तेलाच्या जागी फक्त झिजणार असेल, तर ५२० ते ५५० अंशांना जाऊन ४०-४८ तासांत ०.१ ते ०.१५ मिमी थर घेता येतो. गंजरोधही हवा आणि ०.१५ मिमी खोलीही हवी, ही मागणी एका ३१६ मध्ये पुरी होत नाही. तसे ड्रॉइंगवर लिहिलेले दिसले तर काम सुरू करण्याआधी डिझाइनवाल्याशी बोला.

ग्रेड आणि त्याची अवस्था

३०४ आणि ३१६ या ऑस्टेनिटिक (तापवून बुडवले तरी कडक न होणाऱ्या) जातींना वरचे सगळे जसेच्या तसे लागू होते. दोन्हींत ३१६ जास्त चांगला निकाल देते.

३०३ टाळा. कटिंग सोपे व्हावे म्हणून त्यात गंधक घातलेले असते. त्याचे सल्फाइडचे दोरे पृष्ठभागावर उघडे पडतात आणि तिथे थर तुटक येतो. टर्निंगवाल्याला ३०३ आवडते, त्यामुळे न सांगता माल बदलला जाऊ शकतो. टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.

४१० आणि ४२० या मार्टेन्सिटिक (तापवून बुडवल्यावर कडक होणाऱ्या) जाती आधी हार्डनिंग आणि टेम्परिंग करून घ्याव्या लागतात. टेम्परिंगचे तापमान नायट्रायडिंगपेक्षा निदान ३० अंशांनी जास्त हवे, नाहीतर नायट्रायडिंगच्या लांब तासांत गाभा पुन्हा टेम्पर होऊन मऊ पडतो आणि माप बदलते. ५२० अंशांना नायट्रायडिंग करायचे तर टेम्परिंग ५५० किंवा वर. एवढ्या टेम्परिंगनेच ४२० चा गंजरोध उतरतो, हेही हिशोबात धरा.

१७-४ पीएच हे स्टेनलेस एजिंगने, म्हणजे ठरावीक तापमानाला धरून ठेवून, कडक करतात. ते ४८२ अंशांच्या एजिंगमध्ये असेल तर त्याला ५२० अंशांना नेऊ नका, गाभ्याची ताकद घसरेल. ते ४२० अंशांच्या आत करा. जास्त तापमानच हवे असेल तर माल आधीच ५५२ किंवा ६२१ अंशांच्या एजिंगचा घ्या.

ऑस्टेनिटिक मालाबाबत एक गोष्ट बहुतेक मार्गदर्शकांत सुटते. थंड अवस्थेत ओढलेला बार किंवा बोथट टूलने रगडून कापलेला पृष्ठभाग अंशतः मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे पोलादाच्या कडक, चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या रूपात, बदललेला असतो. अशा ठिकाणी क्रोमियम नायट्राइड कमी तापमानालाच तयार होऊ लागते. तापमान अचूक ठेवूनही काही पट्टे काळे पडले आणि गंजले, तर शंका इथे घ्या. तपासायला लोहचुंबक पुरतो : अॅनील केलेला ३१६ जवळजवळ ओढला जात नाही, रगडलेला भाग ओढला जातो. उपाय म्हणजे रफ टर्निंगनंतर १०४० ते १०८० अंशांना सोल्यूशन अॅनीलिंग करून पाण्यात झटकन थंड करणे, आणि मग धारदार टूलने, कमी फीडने फिनिश घेणे. अॅनीलिंगमुळे आधीचे ताणही निघून जातात, म्हणून लांब स्टेम नायट्रायडिंगमध्ये वाकत नाही.

गॅस, सॉल्ट बाथ की प्लाझ्मा

सॉल्ट बाथमध्ये जॉब साधारण ५८० अंशांच्या सायनेट क्षारांत एक ते दोन तास बुडवतात. साध्या पोलादावर ही प्रक्रिया आणि तिच्यानंतरचा ऑक्सिडेशन बाथ गंजरोध वाढवतात, म्हणून विक्रेता ‘गंजरोधासाठी उत्तम’ असे सांगतो. साध्या पोलादापुरते ते खरे आहे. ३०४-३१६ वर त्याच बाथने गंजरोध कमी होतो, कारण ५८० अंश म्हणजे क्रोमियम नायट्राइडच्या पट्ट्याच्या अगदी मधोमध. ओल्या जागच्या स्टेनलेससाठी ही पद्धत वापरू नका.

गॅस नायट्रायडिंगमध्ये अमोनिया तापलेल्या पृष्ठभागावर फुटतो आणि सुटा नायट्रोजन धातूत शिरतो. अडचण अशी की स्टेनलेसचा पापुद्रा अमोनियाला आत येऊ देत नाही. तो भट्टीत टाकण्याआधी काढावा लागतो : बारीक अॅल्युमिनाने ब्लास्टिंग किंवा कोमट, निम्म्या पाण्याच्या हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवणे. आणि लगेच, पापुद्रा पुन्हा धरण्याआधी, जॉब भट्टीत जायला हवा. सकाळी ब्लास्ट करून संध्याकाळी लोड केलेला लॉट चट्टेपट्टे घेऊन बाहेर येतो.

प्लाझ्मा नायट्रायडिंगमध्ये ही सफाई भट्टीच्या आतच होते. जॉबला ऋण विद्युतदाब दिलेला असतो, त्यामुळे आयन त्याच्यावर आदळतात आणि पापुद्रा खरवडून काढतात. शिवाय ४२० अंशांना अमोनिया फारसा फुटत नाही, प्लाझ्माला ती अडचण नाही. नवख्याने स्टेनलेससाठी प्लाझ्माच निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यात हीट ट्रीटमेंटची बरीच शॉप आहेत. गांधीनगरला प्लाझ्मा संशोधन संस्थेचे औद्योगिक केंद्र याच विषयात काम करते. पुढच्या पायऱ्या प्लाझ्माच्याच आहेत. जॉब बाहेरून करून घेणार असाल तरी त्या वाचा, म्हणजे नेमके काय विचारायचे ते कळेल.

नमुन्यादाखल २० मिमी व्यासाचे, २०० मिमी लांब, ३१६एल चे स्टेम घेऊ. हवा आहे तो १० मायक्रॉनपेक्षा जास्त एस-फेज, गंजरोध शाबूत ठेवून.

पहिली पायरी : मशीनिंग संपवून घ्या

नायट्रायडिंगनंतर ग्राइंडिंग करायचे नाही. थरच १२ मायक्रॉनचा असेल तर पाच मायक्रॉनचा एक पास त्यातला जवळपास निम्मा खाऊन टाकतो. म्हणून माप आणि फिनिश आधीच पूर्ण हवे. कमी तापमानाच्या थरात पृष्ठभाग दर बाजूला एक ते तीन मायक्रॉन फुगतो. ५२० अंशांच्या जाड थरात ही वाढ दहा मायक्रॉन किंवा जास्त असते. घट्ट फिटिंगच्या जागी तेवढी सूट ठेवा. आरसा पॉलिश केलेला पृष्ठभाग थोडा मंद होऊन येतो. सीलच्या जागी ते चालत नसेल तर शेवटी एक-दीड मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने हलका हात मारा.

धारदार कडा अर्धा मिलिमीटर मोडा. टोकदार कडेवर नायट्रोजन दोन बाजूंनी शिरतो, थर ठिसूळ होतो आणि बारीक कपच्या उडतात. आट्यांची टोकेही तशीच. वेल्डिंग असेल ते आधी उरका. नायट्राइड केलेल्या थरावर वेल्ड मारले की नायट्रोजन वायू सुटतो आणि वेल्डमध्ये छिद्रे पडतात.

जिथे थर नको तिथे प्लाझ्मामध्ये साध्या पोलादाचे टोपण किंवा बाही घातली की पुरते, कारण आयन झाकलेल्या जागी पोचत नाहीत. आटे झाकायला नट चढवून ठेवा. गॅसमध्ये एवढ्याने भागत नाही, तिथे साधारण २५ मायक्रॉन तांब्याचा मुलामा लागतो.

दुसरी पायरी : सफाई

प्लाझ्मात तेलाचा एक थेंब पुरा लोड बिघडवू शकतो. तेल वायूत बदलते, तिथे ठिणगी पडते, ठिणगीने पृष्ठभागावर खड्डा होतो आणि भट्टीचा पॉवर सप्लाय पुन्हा पुन्हा ट्रिप होतो. क्रम असा ठेवा : गरम अल्कलाइन डिग्रीझरमध्ये अल्ट्रासॉनिक, मग दोन वेळा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याने धुणे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोन, मग ओव्हनमध्ये वाळवणे. बंद भोकांत तेल आणि चिप्स दडून बसतात. ती कोरड्या, तेलविरहित हवेने उडवून काढा. कॉम्प्रेसरच्या लाइनवर तेलाचा फिल्टर नसेल तर त्या हवेपेक्षा हवा न मारलेली बरी.

यानंतर उघड्या हाताने जॉब उचलायचा नाही. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाला. बोटांचे ठसे नायट्रायडिंगनंतर स्पष्ट उमटतात आणि कोणत्याही पॉलिशने पूर्ण जात नाहीत. जवळपास सिलिकॉनचा स्प्रेही वापरू नका.

तिसरी पायरी : लोड लावणे

जॉब आणि फिक्स्चर मिळून कॅथोड, भट्टीची भिंत अॅनोड. चालू प्लाझ्मात प्रत्येक जॉबभोवती काही मिलिमीटर जाडीचा जांभळट उजेड दिसतो. दोन जॉबचे उजेड एकमेकांत मिसळता कामा नयेत, म्हणून निदान २० ते २५ मिमी अंतर ठेवा. मिसळले तर त्या फटीत इलेक्ट्रॉन अडकतात, तापमान झपाट्याने वाढते आणि तिथला धातू ४५० च्या पार जातो. याला होलो कॅथोड म्हणतात. भोकांतही हेच घडते. भोकाचा व्यास उजेडाच्या जाडीच्या दुपटीच्या आसपास आला की धोका. एकतर पोलादी पिनने भोक बुजवा, नाहीतर दाब बदला : दाब वाढवला की उजेड पातळ होतो, कमी केला की जाड.

एका लोडमध्ये सारख्या जाडीचेच जॉब घ्या. २० मिमीच्या स्टेमसोबत ३ मिमीचे वॉशर लावले तर वॉशर आधी तापतील आणि जळतील.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा संवेदक, कुठे आहे, याला फार महत्त्व आहे. तो भट्टीच्या भिंतीजवळ असेल तर जॉबचे तापमान त्याला कळतच नाही. जॉबच्याच व्यासाचा आणि मालाचा एक डमी घ्या, त्यात खोल भोक पाडून सिरॅमिकने विलग केलेला थर्मोकपल बसवा आणि डमी लोडच्या मधोमध ठेवा. शक्य असेल तर दुसरा थर्मोकपल वरच्या टोकाला. ५२० अंशांच्या कामात पंधरा अंशांचा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. ४३० च्या कामात तोच फरक तुम्हाला ४४५ वर, म्हणजे थेट कड्यावर नेतो.

लोडमध्ये त्याच बारचा, २० मिमी व्यास आणि १० मिमी उंचीचा एक नमुना ठेवा. तपासणीसाठी कापायचा तो हाच, स्टेम नाही.

चौथी पायरी : निर्वात आणि गळतीची चाचणी

भट्टी ०.०५ मिलिबारपर्यंत खेचा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटे दाब पाहा. हजार लिटरच्या भट्टीत दहा मिनिटांत ०.०१ मिलिबार चढला, तर गळती सेकंदाला सुमारे ०.०१७ मिलिबार-लिटर होते. मिनिटाला एक लिटर प्रक्रियावायू म्हणजे सेकंदाला साधारण १७ मिलिबार-लिटर, म्हणजे हवेचे प्रमाण हजारात एक भाग. काम चालते. याच्या दहापट गळती असेल तर थांबा. आत शिरणारा ऑक्सिजन पापुद्रा पुन्हा बांधत राहतो, तुम्ही खरवडता आणि तो पुन्हा बसतो. बहुतेक वेळा दोष दाराच्या ओ-रिंगमध्ये किंवा थर्मोकपलच्या ग्लँडमध्ये सापडतो. पावसाळ्यात भट्टी रात्रभर उघडी राहिली असेल तर भिंतींनी ओल धरलेली असते. तेव्हा चाचणीआधी भट्टी कोरडी तापवून घ्या, नाहीतर ओलीची वाफच गळतीसारखी दिसेल.

पाचवी पायरी : स्पटरिंग

स्पटरिंग म्हणजे आयनांच्या माऱ्याने पापुद्रा खरवडणे. हायड्रोजन, किंवा हायड्रोजनमध्ये थोडा आर्गन, ०.५ ते १ मिलिबार दाबावर सोडा. स्पंदित डीसी ४०० ते ६०० व्होल्टपर्यंत हळूहळू चढवा. सुरुवातीला जॉबवर इकडेतिकडे ठिणग्या चमकतात, ती उरलेली घाण जळत असते. ठिणग्या पूर्ण थांबल्याशिवाय व्होल्टेज वाढवू नका. २५० अंशांपासून ३५०-४०० पर्यंत जाताना एक ते दोन तास या टप्प्याला द्या. घाईत हाच टप्पा कापला जातो, आणि तासभर वाचवून वीस तासांचा लोड वाया जातो.

विद्युतप्रवाहाचा अंदाज आधी काढून ठेवा. एका स्टेमचे क्षेत्रफळ सुमारे १३० चौरस सेंमी. शंभर स्टेमचे १३,००० चौरस सेंमी. दर चौरस सेंटीमीटरला एक मिलिअँपिअर धरला तर १३ अँपिअर, आणि वर फिक्स्चरचे वेगळे. मोजलेला आकडा यापासून फार लांब असेल तर कुठेतरी उजेड पोचत नाही किंवा भलतीकडे पसरतो आहे. खिडकीतून पाहा.

सहावी पायरी : नायट्रायडिंग

तापमान ४२० अंशांवर स्थिर करा. एक भाग नायट्रोजन, तीन भाग हायड्रोजन, दोन्ही ९९.९९९ टक्के शुद्धतेचे. दाब ३ ते ५ मिलिबार. वेळ २० तास. यात ३१६एल वर साधारण १० ते १५ मायक्रॉनचा एस-फेज येतो.

खोली वेळेच्या वर्गमुळाने वाढते. थर दुप्पट हवा तर वेळ चौपट, म्हणजे २० चे ८० तास. यावर ‘थोडे तापमान वाढवू’ हा मोह सगळ्यांना होतो, आणि ४६० अंशांवर आठ तासांत जाड थर मिळतोही. तो क्रोमियम नायट्राइडचा असतो. शिवाय ४२० अंशांनाही खूप तास दिले तर क्रोमियम हळूहळू हलतेच, त्यामुळे ३०-३५ तासांच्या पुढे जायचे तर तापमान दहा-वीस अंशांनी उतरवा.

मध्ये वीज गेली तर घाबरू नका. निर्वात टिकून असेल आणि हवा आत आली नसेल, तर पुन्हा अर्धा तास स्पटरिंग करून उरलेला वेळ पूर्ण करता येतो. हवा आत आली असेल तर लोड थंड करा, उघडून पाहा आणि सफाईपासून सुरू करा.

सातवी पायरी : थंड करणे

प्लाझ्मा बंद करून निर्वातात किंवा कमी दाबाच्या नायट्रोजनमध्ये १५० अंशांच्या खाली येऊ द्या. त्याआधी दार उघडले तर पिवळा-निळा रंग चढतो. नीट झालेला जॉब एकसारखा फिकट राखाडी दिसतो. कोळशासारखा गडद रंग दिसला तर तापमान जास्त झाले असावे, आणि तो जॉब तपासणीशिवाय पुढे पाठवू नये.

वायूंची काळजी

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पेट घेतो. सिलिंडर भट्टीच्या खोलीबाहेर, उघड्या हवेत, साखळीने बांधून ठेवा. पंपाचे एक्झॉस्ट छताबाहेर काढा. हायड्रोजनच्या सिलिंडरला डावे आटे असतात, अॅडॉप्टर लावून दुसऱ्या वायूचा रेग्युलेटर बसवू नका. दार उघडण्याआधी भट्टी नायट्रोजनने भरून पुन्हा निर्वात करा, निदान दोनदा.

गॅस नायट्रायडिंग करणाऱ्यांसाठी : अमोनियाच्या लाइनवर पितळ किंवा तांबे चालत नाही, ते झडते. हवेत १५ ते २८ टक्के अमोनिया पेटू शकतो, आणि ३०० पीपीएमला तो जिवावर बेततो. भट्टी तापवण्याआधी हवा नायट्रोजनने बाहेर काढा, निदान पाच भट्टीभर नायट्रोजन वाहू द्या. डिसोसिएशन, म्हणजे किती टक्के अमोनिया फुटला ते, ब्युरेटने रोज मोजा : एक्झॉस्ट वायूने ब्युरेट भरून वरून पाणी सोडले की न फुटलेला अमोनिया पाण्यात विरघळतो. पाण्याने ७५ भाग व्यापले तर डिसोसिएशन २५ टक्के. सिलिंडरच्या साठ्याला गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि परवान्याचे काम पेसो या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेकडे असते, तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

तपासणी

इथे सर्वांत जास्त फसगत होते. जॉब आला की रॉकवेल मशीनवर ठेवला जातो, काटा २० एचआरसीच्या खालीच राहतो आणि ‘काहीच झाले नाही’ असा शेरा पडतो. रॉकवेलचा १५० किलोचा भार १२ मायक्रॉनचा थर फोडून मऊ गाभ्यात उतरतो. तो आकडा ३१६ चा आहे, थराचा नाही. कानस चालवूनही काही कळत नाही.

मायक्रो विकर्स वापरा, आणि भार हिशोबाने निवडा. ठशाची खोली कर्णाच्या सातव्या भागाइतकी असते आणि थर त्या खोलीच्या निदान दहापट हवा. ११०० एचव्हीच्या थरावर १०० ग्रॅम भाराने कर्ण १३ मायक्रॉन, खोली १.९, म्हणजे थर १९ मायक्रॉन तरी हवा. आपल्याकडे १२ आहे. ५० ग्रॅमला १३ मायक्रॉन लागतो, तोही जेमतेम. २५ ग्रॅमला ९ पुरतो. म्हणून पृष्ठभागावर २५ ग्रॅमच, आणि रिपोर्टवर भार लिहिलेला असायलाच हवा. भाराशिवाय एचव्हीचा आकडा निरुपयोगी आहे.

मग नमुना कापा. कापताना पाणी भरपूर. कड गोल होऊ नये म्हणून निकेलचा मुलामा देऊन किंवा कडक भराव असलेल्या रेझिनमध्ये माउंट करून पॉलिश करा. मार्बल द्रावण असे बनते : ४ ग्रॅम कॉपर सल्फेट, २० मिलि हायड्रोक्लोरिक आम्ल, २० मिलि पाणी. त्याने एच केल्यावर (पृष्ठभाग हलका खाऊ दिल्यावर) एस-फेज पांढरा, चमकदार पट्टा दिसतो. पट्ट्यात काळे डाग किंवा काळी रेषा दिसली तर ते क्रोमियम नायट्राइड. या एका चाचणीवर आमचा सर्वांत जास्त भरवसा आहे, कारण तापमानाचा आलेख खोटा असू शकतो, हा पट्टा नाही.

गंजासाठी ५ टक्के मिठाचे पाणी, ३५ अंश, सॉल्ट स्प्रे. शेजारी त्याच बारचा न केलेला तुकडा ठेवा आणि दोघांची तुलना करा. तास किती, हे आधी ठरवून घ्या.

गुणवत्ता विभागाला एक सूचना लेखी द्या : नायट्राइड केलेला जॉब नायट्रिक आम्लाच्या पॅसिव्हेशनला पाठवायचा नाही. स्टेनलेस म्हटले की पॅसिव्हेशन, या सवयीने तो टाकीत जातो आणि थर खाल्ला जातो.

बिघाड आणि त्यांची कारणे

चट्टे, कुठे थर आहे कुठे नाही : बहुधा स्पटरिंग कमी पडले किंवा सफाई कच्ची राहिली. चट्टे फक्त एका बाजूला असतील तर तिथे जॉब एकमेकांच्या सावलीत होते.

सगळ्या लोडवर थरच नाही : हवेची गळती. किंवा नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये ओल. सिलिंडर अगदी तळापर्यंत रिकामे करू नका, शेवटच्या वायूत ओल वाढते.

कडांवर वेगळ्या रंगाची रिंग : कडेजवळ विद्युतक्षेत्र बदलते, त्यामुळे तिथे थर वेगळा येतो. कडा मोडून आणि दाब जुळवून ती कमी होते. पूर्ण घालवायची तर अॅक्टिव्ह स्क्रीनची भट्टी लागते, जिथे प्लाझ्मा जॉबऐवजी भोवतालच्या जाळीवर पेटतो.

थर व्यवस्थित, तरीही वापरात फुटतो : भार जास्त. १२०० एचव्हीचा १२ मायक्रॉनचा थर २०० एचव्हीच्या गाभ्यावर असणे म्हणजे गादीवर काच ठेवण्यासारखे आहे. घसरण्यासाठी तो उत्तम आहे, ठोके खाण्यासाठी नाही. तिथे हार्डन केलेला ४२० किंवा १७-४ पीएच गाभ्याला घ्या. नुसता थोडा जाड थर हवा असेल तर कमी तापमानाच्या कार्बुरायझिंगचीही (नायट्रोजनऐवजी कार्बन मुरवण्याची) चौकशी करा. त्यात २० ते ३५ मायक्रॉन मिळतात, हार्डनेस थोडा कमी असतो पण गाभ्याकडे उतार सौम्य असतो.

काही महिन्यांनी गंज : जागेचे तापमान विचारा. एस-फेज ही अर्धस्थिर अवस्था आहे. ४०० अंशांच्या वर सतत चालणाऱ्या जागी तिच्यातला नायट्रोजन शेवटी क्रोमियम गाठतोच.

चलनावर काय लिहायचे

नुसते ‘नायट्रायडिंग’ असे लिहून माल पाठवू नका. हा मजकूर पुरेसा आहे : माल ३१६एल, सोल्यूशन अॅनील केलेला. प्लाझ्मा नायट्रायडिंग, जॉबचे तापमान कोणत्याही क्षणी ४३० अंशांच्या वर नको. थर निदान १० मायक्रॉन. हार्डनेस निदान १००० एचव्ही, २५ ग्रॅम भारावर. आटे झाकणे. सोबत दिलेल्या नमुन्याचा कापलेला फोटो आणि तापमानाचा आलेख लॉटसोबत परत. नंतर ग्राइंडिंग, ब्लास्टिंग, पॅसिव्हेशन नाही.

पहिला लॉट पाच-सहा नगांचा द्या, त्यातला एक कापा, आणि पट्टा पांढरा दिसला की मगच उरलेला माल पाठवा.